आडवा डॉल्फिन

"साहेब, मासा कुठं उतरवू?"

टेंपोवाल्याने असं विचारलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. म्हणजे साहेब मीच होतो.

"मासा नाही, डॉल्फिन आहे," मी म्हणालो. "डॉल्फिन सस्तन प्राणी असतो."

"असंल. उतरवू कुठं तेवढं सांगा, मला पुढं कांदा भरायचाय."

डॉल्फिन फायबरचा होता. निळा, धनुष्यासारखा वाकलेला आणि हसरा. शेपटी टेंपोच्या बाहेर आली होती आणि तिला लाल फडकं बांधलेलं होतं. हिंगणखेडपासून समुद्र इतका लांब आहे की गावातल्या काही लोकांचा समुद्रावर विश्वासच नाही. नळाला पाणी येतं, पण येण्याआधी विचार करतं. अशा गावात कारंज्यातून उसळणारा डॉल्फिन का, तर बनकर साहेबांनी तो कॅटलॉगातून निवडला होता. बनकर साहेब म्हणजे नगरपरिषदेचे अभियंता. कॅटलॉगात जिराफ, सफरचंद आणि डॉल्फिन असे तीन पर्याय होते. जिराफाची मान विजेच्या तारांना लागत होती. सफरचंदामुळे फळांचा गाळा वाटेल, असं साहेबांचं मत पडलं. उरला तो डॉल्फिन.

मी तेव्हा नुकताच आर्किटेक्ट होऊन नगरपरिषदेत कंत्राटी सहायक म्हणून लागलो होतो. कामाचं नाव 'पोस्टाची घाटी सुशोभीकरण'. घाटी म्हणजे खालची बाजारपेठ आणि वरची कॉलनी यांना जोडणारा चढ. थोड्या पायऱ्या, थोडा उतार, मध्यावर एक वळण आणि वळणावर मोठी चिंच. मी माझ्या ड्रॉइंगमध्ये चिंचेभोवती बसायला कट्टे काढले होते आणि कडेने धरायला कठडा. बनकर साहेबांनी दोन्हीवर लाल फुली मारली.

"निशिकांत, बसायला जागा दिली की काय होतं?"

"लोक बसतात."

"बरोबर. आणि बसले की?"

"दम खातात."

"बसले की उठत नाहीत. मग पत्ते, मग पिंका, मग आपल्याकडे तक्रारी. सुशोभीकरण बघायचं असतं, वापरायचं नसतं."

तर मी टेंपोवाल्याला चिंचेखाली बोट दाखवलं. डॉल्फिन ज्यावर उभा राहायचा तो चौथरा अजून बांधायचा होता. हमालांनी डॉल्फिनला कुशीवर निजवलं, डुगडुगू नये म्हणून पोटाशी विटांचे अद्धे सारले आणि ते कांद्याकडे निघून गेले. डॉल्फिन एका डोळ्याने चिंचेकडे बघत हसत पडला.

संध्याकाळी डॉल्फिन आल्याचं मी कुमुदमावशीला सांगितलं. कुमुदमावशी माझ्या आईची थोरली बहीण. वरच्या कॉलनीत एकटी राहायची आणि त्या नोकरीपुरता मी तिच्या मागच्या खोलीत राहत होतो. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. गावातल्या माणसाला पुण्याला बोलायचं असलं की मावशीच्या हातून जावं लागे. तिच्या शेजारच्या स्टुलावर सुवार्ताबाई पारखे. दोघी एकाच वर्षी लागल्या आणि एकाच वर्षी निवृत्त झाल्या. सुवार्ताबाई खाली बाजारपेठेत, चर्चच्या मागे राहायच्या.

दोघींच्या घरांमध्ये फक्त घाटी होती, आणि दिवाळीपासून दोघींची भेट नव्हती. मावशीला उतरताना गुडघे साथ देत नसत. सुवार्ताबाईंना दमा, त्यांना चढवत नसे.

"फोन कर की मग," मी आल्या आल्याच सुचवलं होतं.

"तिला ऐकू येत नाही. मी ओरडते आणि तिच्या शेजारची उत्तर देते. परवा त्या शेजारणीलाच लोणच्याची कृती सांगून ठेवली."

"रिक्षाने जा."

"रिक्षा हायवेने वळसा घालून नेते. आणि रिक्षातून उतरलं की पाहुणं होतं रे माणूस. मग ती पोहे करणार, खोकत खोकत बशी पुसणार. मला पाहुणी नाही व्हायचं." ती भाजी निवडत होती, तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "मधे टेकायला काही असतं ना, तर मी तिथवर उतरले असते, ती तिथवर चढली असती. दोघींनी अर्धं अर्धं केलं असतं. यापुढे आम्हाला पूर्ण काही जमायचं नाही, निशू. अर्धं मिळालं तर बघ."

ते अर्धं मी ड्रॉइंगमध्ये काढलं होतं आणि त्यावर लाल फुली होती, हे मी तिला सांगितलं नव्हतं. पण डॉल्फिनचं सांगितल्यावर तिने एकच विचारलं.

"आडवा ठेवलाय? उंची किती भरेल?"

"गुडघ्याच्या जरा वर."

"भक्कम आहे का?"

"मावशी, तो कारंज्यासाठी आहे."

"मी भक्कम आहे का विचारलं."

दुसऱ्या दिवशी मी निरोप घेऊन खाली गेलो. सुवार्ताबाई दारातच गहू पाखडत होत्या. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून ओरडलो, "मावशीने चार वाजता माशावर बोलावलंय!"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. कुठला मासा, कशाला, काही विचारलं नाही. "वर येऊ की अर्ध्यात?"

"अर्ध्यात!"

"मग येते," त्या म्हणाल्या. त्यांचं साधं बोलणंही मागच्या गल्लीपर्यंत जात असे.

चार वाजता मावशी माझ्या खांद्यावर हात ठेवून, खेकड्यासारखी आडवी आडवी उतरली. खालून सुवार्ताबाई येत होत्या. चार पावलं, एक थांबा, एक खोकला, असं त्यांचं वेळापत्रक होतं. मावशी आधी पोचली. तिने डॉल्फिनच्या पोटावर पदराने धूळ झटकली, हाताने दाबून पाहिलं आणि बसली. सुवार्ताबाई आल्या, तिच्याकडे बघत उभ्याच राहिल्या.

"केवढी सुटलीस गं!" त्या म्हणाल्या.

"आणि तू केवढी वाळलीस," मावशी म्हणाली. "बस."

"मासा बरा आहे."

"सस्तन आहे," मी म्हणालो.

"तू जा रे," दोघी एकदम म्हणाल्या.

मी जरा लांब जाऊन उभा राहिलो आणि त्या फायबरकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. कुशीवर निजल्यामुळे त्याची चंद्रकोर झाली होती. आतल्या बाजूने बसलं की दोन माणसं आपोआप एकमेकांकडे थोडी वळत होती. वरच्या कुशीचा पर वल्ह्यासारखा उभा होता. त्याला मावशीने पिशवी अडकवली आणि उठताना तोच धरून ती माझ्याशिवाय उठली. चिंचेची सावली दुपारभर तिथेच रेंगाळत होती. हे सगळं कुणी विचार करून केलं असतं तर त्याला बक्षीस मिळालं असतं. कुणीच केलेलं नसल्यामुळे ते अद्ध्यांवर टेकलेलं होतं.

आठवड्याभरात डॉल्फिन गावाला लागला. बाजारातून येणाऱ्या बायका पिशव्या टेकवायच्या. कॉलेजची पोरं शेपटीकडे, म्हातारी माणसं मधे, आणि तोंडाकडे कुणी बसत नसे, कारण तो हसायचा. चार वाजले की मधली जागा आपोआप रिकामी व्हायची. एकदा एक गृहस्थ पेपर वाचत तिथेच बसून राहिले. सुवार्ताबाई खालच्या पायरीवरून नुसत्या खोकल्या, तर ते घडी घालून उठले.

मग सोमवारी बनकर साहेबांनी मला बोलावलं.

"पुढच्या आठवड्यात चौथरा बांधायला माणसं येतायत. डॉल्फिन उभा करायचा, भोवती कारंजं आणि कारंज्याला लोखंडी कुंपण. कुणी हात लावता कामा नये."

"साहेब, तो आडवाच राहिला तर?"

"म्हणजे?"

"लोक बसतायत त्याच्यावर. म्हाताऱ्या माणसांना मधे टेकायला..."

"निशिकांत," साहेब फार मायेने म्हणाले, "आडवा डॉल्फिन म्हणजे मेलेला डॉल्फिन. नगरपरिषद मेलेलं जनावर उचलते, बसवत नाही."

मी फाइल काखेला मारून बाहेर पडलो.

घरी आलो तेव्हा मावशी चार वाजताच्या भेटीसाठी शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी बांधत होती. मी तिला सांगितलं.

"उभा राहून तो काय करणार?" तिने विचारलं.

"पाणी उडवणार."

"कुठलं पाणी?"

मी चपला कोपऱ्यात सरकवल्या.

"आणि कुंपण?"

"भोवती. लोखंडी."

तिने पुरचुंडीला दोन गाठी मारल्या. एरवी एक मारायची. "चल, उशीर होतोय. ती खोकत बसेल," म्हणाली, आणि त्या दिवशी तिने उतरताना माझ्या खांद्यावर ठेवलेला हात नेहमीपेक्षा जड होता.

खाली गेल्यावर तिने सुवार्ताबाईंच्या उजव्या कानात सगळं सांगितलं. सुवार्ताबाईंनी ऐकून घेतलं, चटणी चाखली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. तेवढ्यात खालून ताठे भाऊ आले.

विलास ताठे आमच्या वॉर्डाचे नगरसेवक. निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे ते हल्ली गाडी खाली लावून घाटी पायी चढायचे आणि दिसेल त्या वडीलधाऱ्या माणसाला वाकून नमस्कार करायचे. पूर्ण घाटी चढेपर्यंत त्यांची कंबर धरायची. त्यांच्या विरोधात पुष्पाताई रणपिसे उभ्या राहणार होत्या. त्याही नमस्कार करायच्या, पण न वाकता, त्यामुळे त्या जास्त माणसं उरकायच्या.

"काय मावशी, बरंय ना?" भाऊंनी दोघींना नमस्कार केला. "काय अडचण?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "फार छान काम झालंय हे. पुष्पाताईसुद्धा परवा म्हणाल्या, छान झालंय. इथंच बसल्या होत्या."

हे खरं होतं. चपलेचा बंद सुटला म्हणून पुष्पाताई बसल्या होत्या.

भाऊ सरळ झाले. "बसल्या होत्या? इथं?"

"फोटोपण काढला कुणीतरी."

"अहो, पण काम व्हायचंय अजून..."

"व्हायचंय?" मावशीने आश्चर्याने खाली पाहिलं. "आम्ही तर बसलोय."

इतका वेळ समोर बघत बसलेल्या सुवार्ताबाई आता आपल्या साध्या आवाजात बोलल्या, म्हणजे सगळ्या घाटीला ऐकू गेलं. "रविवारी नारळ फोडायला येणार आहेत पुष्पाताई! घाटीपाशीच!"

ताठे भाऊ उरलेली घाटी कुणालाही नमस्कार न करता चढले.

ते दिसेनासे झाल्यावर मी सुवार्ताबाईंच्या कानाशी गेलो. "पुष्पाताई खरंच डॉल्फिनला नारळ फोडणार आहेत?"

"डॉल्फिनला कशाला? घाटीच्या पायथ्याशी त्यांच्या भाच्याचं मोबाइलचं दुकान निघतंय. मी चर्चला जाणारी बाई आहे, खोटं बोलत नाही."

"मग अख्खं का नाही सांगितलंत?"

"एक्सचेंजमध्ये तीन मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी आम्ही लाइन तोडायचो," त्या म्हणाल्या. "सवय लागलीय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचलो तेव्हा ताठे भाऊ बनकर साहेबांच्या समोर बसले होते. साहेबांच्या पुढ्यातला चहा थंड होऊन वर साय धरली होती.

"शनिवारी लोकार्पण," भाऊ म्हणत होते. "मांडव सांगितलाय. कोनशिला रात्रीत होते."

"भाऊ, अहो पण तो उभा व्हायचाय!"

"मग करा की शनिवारपर्यंत उभा."

"चौथऱ्याचं काँक्रीटसुद्धा वाळणार नाही तोवर."

"मग आहे तसं करू."

"आणि उभा कधी करू?"

"नंतर करा."

इथे मी तोंड उघडलं. मी मुद्दाम काही केलं असं नाही. मला फक्त एक शंका आली आणि ती मी आदराने विचारली. "साहेब, लोकार्पण झालेली वस्तू नंतर हलवली, तर अपुऱ्या कामाचं लोकार्पण केलं असं पुष्पाताई पेपरात देणार नाहीत ना?"

भाऊ साहेबांकडे बघू लागले, साहेब चहाकडे. पंखा फिरत होता तो आपल्या जबाबदारीवर.

"शनिवारनंतर," भाऊ सावकाश म्हणाले, "ह्या माशाला कुणी हात लावायचा नाही. माझी टर्म असेपर्यंत तर नाहीच. पुढची पण माझीच आहे." मग माझ्याकडे वळून, "आर्किटेक्ट, असा आडवा असला तर त्याला काय म्हणायचं? कोनशिलेवर काहीतरी घालावं लागंल."

"विसावा," मी म्हणालो.

"डॉल्फिनचा का नागरिकांचा?"

"दोघांचा."

भाऊंनी मान डोलावली. ते गेल्यावर बनकर साहेबांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. "निशिकांत, रेकॉर्डला ड्रॉइंग लागेल. आडव्याचं."

मी उभ्याचंच ड्रॉइंग बाहेर काढलं आणि कागद नव्वद अंशांत फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. साहेबांनी बराच वेळ बघितलं आणि सही केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "विसावा म्हटल्यावर तिथवर पोचायला कठडा लागणारच. तुझ्या त्या जुन्यात होता ना? तो घाल." आणि मी दाराशी पोचल्यावर, "माझी आई पण खाली बाजारातच असते," एवढंच म्हणाले.

शनिवारी सकाळी चिंचेखाली मांडव पडला. डॉल्फिनच्या तोंडापासून शेपटीपर्यंत फीत बांधली होती, त्यामुळे तो दात घासताना कुणीतरी बोलावून आणल्यासारखा दिसत होता. गर्दी चांगली होती. मांडवात पेढे आहेत हे वरपर्यंत कळलं होतं. भाऊंनी नारळ फोडला आणि भाषण केलं.

"मित्रहो, साऱ्या जगात डॉल्फिन उभे असतात! तुम्ही कुठंही जा! पण आपल्या वॉर्डात तो जनतेसाठी आडवा झाला!"

टाळ्या पडल्या. बनकर साहेबांनीही वाजवल्या. पुष्पाताई स्वतः आल्या होत्या आणि त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. मग फीत कापायला भाऊंनी ज्येष्ठ नागरिक म्हणून मावशी आणि सुवार्ताबाईंना पुढे बोलावलं. एकाच कात्रीला दोघींचे हात. फीत कापली, फोटो झाला, पहिल्यांदा बसायचा मानही त्यांनाच मिळाला, आणि गावातलं त्याआधी पंधरवडाभर रोज तिथे बसणारं सगळं पब्लिक त्या पहिल्यांदा बसण्याकडे कौतुकाने बघत राहिलं.

चार वाजेपर्यंत मांडव सुटला होता. मावशी पुन्हा उतरली, सुवार्ताबाई पुन्हा चढल्या. मी त्या दिवशी लांब गेलो नाही, शेपटीकडे बसलो. एवढं रामायण ज्यासाठी झालं ते एकदा जवळून ऐकावं असं मला वाटलं. इतक्या वर्षांची मैत्री, सगळ्या गावाची गुपितं कानांवरून गेलेल्या दोन बायका. मी कान टवकारून बसलो.

दोघी काहीच बोलल्या नाहीत.

मी वाट पाहिली. खालून एक म्हैस आली, वर गेली. मावशी म्हशीकडे बघत होती. सुवार्ताबाई चिंचेकडे बघत होत्या. शेंगदाण्याची पुरचुंडी सुटली, मधे ठेवली गेली, दोघींचे हात आळीपाळीने तिच्यात जाऊन आले. बास.

शेवटी मला राहवेना. "अगं, बोला की काहीतरी! नगरसेवक कामाला लावलात, अभियंत्याला घाम फोडलात. आता बोला तरी."

"बोलायला कोण आलंय?" मावशी म्हणाली.

"मग रोज काय करता?"

"बसतो."

"एक्सचेंजमध्ये तरी बोलत असाल ना?"

"तिथं कधी बोलणार? दोन्ही कानांवर हेडफोन, समोर सगळं गाव बोलतंय. सुपरवायझर मागे उभा. तीस-बत्तीस वर्षं शेजारी बसलो, बोललो असू जेवणाच्या सुट्टीत. तेही तिचा डबा आधी सुटला तर."

मी त्यांच्याकडे पाहिलं. डॉल्फिनच्या वळणामुळे दोघी एकमेकींकडे किंचित वळल्या होत्या आणि मावशीचा डावा कोपर सुवार्ताबाईंच्या उजव्या कोपराला टेकलेला होता. माझ्या ड्रॉइंगमधल्या कट्ट्यावर मी प्रत्येक माणसाला ऐसपैस, स्वतंत्र जागा दिली होती. पुस्तकात तसंच होतं.

तेवढ्यात सुवार्ताबाई माझ्याकडे वळल्या. "पोरा, हिचं डोकं दुखतंय सकाळपासून," त्यांनी सगळ्या घाटीला सांगितलं. "घरी गेलात की सुंठ उगाळून लाव. ही सांगायची नाही."

मी मावशीकडे पाहिलं. सकाळी मी तिच्यासमोर बसून नाश्ता केला होता. दुपारी जेवलो होतो.

"दुखतंय का गं?"

"थोडंसं," मावशी म्हणाली, आणि कोपर होता तिथेच ठेवून पुरचुंडीत हात घातला.